सुकेळ्यांच्या शेडमधलं विमान

रवि. १ नोव्हें. ८१

इंजिन परत बंद. सात-आठ मिनिटं झकास चाललं. पंख्याचा वारा एवढा की शेडमधली वाळकी केळीची पानं भिंतीला चिकटून राहिली. मग एकदम गप्प. खोकला नाही, झटका नाही, धूर नाही. कुणी नरडं दाबावं तसं. जरा थांबून पंख्याला हात मारला तर पहिल्या हाताला चालू. जसं काही झालंच नव्हतं.

इनासकाका सीटवरून उतरले नाहीत. म्हणाले, "दत्तू, वर हे असं झालं तर मी काय करायचं? ढगावर बसून विडी ओढायची?"

स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. वायरिंग माझं आहे. एकूण एक वायर माझ्या हातची.

सोम. २

दिवसभर गॅरेजमध्ये ट्रकांच्या लायटी. डोकं उमेळ्यात.

पावसाळ्यात गॅरेजवाल्या रफिकभाईंनी तिकडं पाठवलं तेव्हा एवढंच बोलले होते, "उमेले में एक बुढ्ढा है, गाडी का वायरिंग है, देख के आ." गाडी! सुकेळ्यांच्या, म्हणजे केळी वाळवायच्या, शेडचं दार उघडलं तर आत लाकडाचा सांगाडा, वर कापड ताणून रंगवलेलं, दोन पंख भिंतीला टेकवलेले. इं. कुठल्याशा परदेशी मोटारीचं, भंगारातलं, काकांनी स्वतः खोलून स्वतः बांधलेलं. सगळी नोकरी त्यांनी विमानतळाच्या हँगरमध्ये काढली, दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करत. लाकूड येतं, लोखंड येतं, कापड येतं. "पण करंटचं आणि माझं वाकडं आहे," म्हणाले. म्हणून मी.

उडवता येतं का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तर म्हणे, साहेब खूश असले की रविवारी वर न्यायचे, दांडा हातात द्यायचे. आणि उतरवलंय का कधी? एक बोट वर केलं. एकदा.

चौथी नापास माणसाला विमानाचं वायरिंग. गावाकडं कळलं तर आई म्हणेल पोरगं दारू प्यायला लागलं.

गुरु. ५

संध्याकाळी सायकल मारत गेलो. कशालाच हात लावला नाही, नुसतं चालू केलं. अंधार पडेपर्यंत चाललं. शेवटी मीच बंद केलं.

बिघाड असला की शोधता येतो. नसला की काय शोधायचं? ही सगळ्यात वाईट जात. ट्रकला असं झालं तर ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरतो, विडी पेटवतो, माझ्या आईबापाचा उद्धार करतो. पण उतरायला त्याला खाली रस्ता असतो.

रवि. ८

कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला. पॉइंट घासले. पंख्याला हात मारला, दोन मिनिटांत मेलं. मागच्या रविवारपेक्षा वाईट.

बायने चहा आणि सुकेळी आणली. बाय म्हणजे काकांची बायको. आळीत सगळे बायच म्हणतात, मी पण.

"नाय चालत?"

"नाही बाय."

"बरं."

एवढंच. बशी ठेवली आणि मशीनकडं न बघता गेली.

काकांनी आज तारीख सांगितली. ही शेड त्यांच्या भावाच्या हिश्शात. भावाने वाडी बिल्डरला दिली, नाताळाच्या आत शेड रिकामी पाहिजे. हे धूड ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणजे मोडायचं. "पण मोडायच्या आधी एकदा. पुनवेनंतरचा रविवार, १३ डिसेंबर. सकाळची ओहोटी. भुईगावची वाळू तेव्हा दगडासारखी असते. किल्ल्यावरून एक फेरी, परत वाळूवर. बस्स."

परवानगी?

"दिल्लीला लिहून थकलो. तिकडून कागद येईल तेव्हा माझ्यावर माती असेल."

आणि बिघाड नाही सापडला तर?

"तू शोध ना. काम कुणाचं आहे?"

गुरु. १२

सापडलं! सापडलं!

ट्रकची सवय नडली. ट्रकला एका वायरने करंट जातो आणि परत बॉडीतून येतो, कारण सगळं लोखंडच. म्हणून मी बॅटरीची काळी वायर डोळे झाकून इंजिनच्या लोखंडी पाळण्याला मारली. पण इं. त्या पाळण्यात रबरावर बसलंय! बाकी बॉडी लाकूड आणि कापड. मग करंट परत यायचा कुठून? अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून. आज चालू असताना केबलला बोट लागलं आणि चांगला चटका बसला. बिचारी केबल एवढे दिवस सगळ्यांचा भार वाहत होती.

काकांना दाखवलं. एवढे हसले की खोकला लागला. "अरे ट्रकवाल्या! याला चेसी नाही रे. याला देवाचा आधार आहे फक्त."

बाय दारात होती. ती नाही हसली.

जाड वायर टाकली, इंजिनच्या पोटापासून थेट बॅटरीपर्यंत. बराच वेळ चालवलं, केबल गार. परत येताना सोपाऱ्यापर्यंत सायकलवर ओरडत आलो. खोलीवरची पोरं विचारायला लागली लग्न ठरलं का.

रवि. १५

मेलं. तीन मिनिटं.

आज लिहायचं नाही.

बुध. १८

रफिकभाईंनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. "ध्यान किधर है तेरा? उस कबूतर के पीछे मेरा धंदा बिठाएगा क्या?" बरोबर होतं त्यांचं. एका ट्रकचा हॉर्न मी इंडिकेटरच्या वायरला जोडून ठेवला होता. वळला की भोंगा, वळला की भोंगा. सगळा नाका हसत होता.

एक ड्रायव्हर म्हणाला, अंकलेश्वरला नवीन गॅरेज टाकलंय, इलेक्ट्रिशन पाहिजे, उद्या निघतोय, बस गाडीत.

पुणं सोडलं. नाशिक सोडलं. इगतपुरीला तर महिनासुद्धा काढला नाही. कुठंच बूड टेकत नाही माझं. जिथून निघालो तिथं काहीतरी अर्धं ठेवून निघालो, आणि कुणाचं काही अडलं नाही. पण या वेळी अर्धं ठेवलेलं वर जाईल. आणि मग खाली येईल.

ड्रायव्हरला म्हटलं, डिसेंबरात बघू.

शुक्र. २०

सगळे म्हणतात खारी हवा. रफिकभाई म्हणतात, काका म्हणतात, चहावालापण म्हणतो. या गावात काही बिघडलं की खारी हवा. जोडांना ग्रीस फासलं. उंदरांसाठी पिंजरा लावला. उंदीर सापडला, बिघाड नाही.

रवि. २२

सकाळी गेलो तर मेलेलंच. काकांना म्हटलं, सगळं उपटतो.

सगळं उपटलं. जुन्या वायरींचा ढीग झाला. माझीच सगळी मेहनत, कोंबडीच्या आतड्यासारखी जमिनीवर. नवीन वायर, नवीन जोड, एकेक जोड सोल्डर मारून. फक्त सीटपुढचा चालू-बंदचा स्विच तेवढा जुना. तो पितळी आहे, खऱ्या विमानाचा, काका निवृत्त झाले त्या दिवशी हँगरमधल्या लोकांनी दिलेला. "यात एवढंच काय ते खरं विमान आहे," म्हणतात, "बाकी सगळं माझं सुतारकाम." टेस्ट लॅम्प लावून बघितला, लख्ख पेटला. खटखट वर-खाली केला, मस्त. मग कशाला बदला?

दुपारी चालू केलं. चाललं. आळीतली पोरं कुडावर चढून ओरडत होती, "नोहाचं तारू सुटलं रे!" आळीत मशीनला हेच नाव आहे. काकांनी सीटवरूनच त्यांना टोपी काढून सलाम केला. उन्हं उतरेपर्यंत चाललं. बंद करायला काका तयार नव्हते. चर्चमधलं कुठलंसं गाणं म्हणत पंखाला फडकं मारत बसले.

आज चहा आला नाही. बाय बाहेरच आली नाही.

रवि. २९

दोन मिनिटं.

मी चाकाला लाथ मारली. काकांसमोर. मग तिथंच जमिनीवर बसलो, डोक्याला हात लावून. काही उरलं नाही बदलायला. कॉइल नवी, वायर नवी, अर्थिंग नवं. आता जुना म्हणून मी एकटा उरलोय.

काका खाली उतरले, माझ्याजवळ बसले. म्हणाले, "सापडलं तर बरं. नाही सापडलं तरी तेराला मी जातो."

मी म्हटलं, मग मी सगळं वायरिंग काढून नेतो. बघू कसे जाता.

"ने. मी दुसरा माणूस आणीन. तो तुझ्यापेक्षा वाईट असेल. मग त्याच्या वायरवर जाईन."

शांतपणे बोलले हो. आणि कपडे झटकून उठले.

आता रोज डोळ्यांपुढं तेच. किल्ला, खाली पाणी, आणि पंखा थांबलेला.

मंगळ. १ डिसें.

गनपत ट्रक घेऊन आला. जूचंद्रचा, मिठागरावरून मीठ वाहतो. मागच्या लायटी मेलेल्या. लॅम्पहोल्डर काढला, आत हिरवंगार, पोपटासारखं. मी म्हटलं, गनपत, कोरडा ठणठणीत आहे रे हा, गंजला कसा?

"मिठाचं पानी गेलं आसंल कवातरी. ते सुकतंय, पन मरत नाय. जरा दमट हवा लागली का परत चालू खायाला."

आणि बोट लावून चाटलं त्याने. "बघ. अजून खारट."

मीपण चाटलं. खारट.

हातातला पाना खाली ठेवला. उमेळ्यातल्या कुठल्याच जोडावर मी हिरवं बघितलेलं नाही. पण एक जागा मी खोललीच नाही.

बुध. २

गॅरेज सुटल्यावर सरळ उमेळे. पितळी स्विच काढला. मागचं झाकण उघडलं.

हिरवा. आत पांढरे कण. चाटला, जीभ आखडली.

आता कळतं सगळं. लॅम्प पेटायला करंट लागतो किती? चिमूटभर. तेवढा हिरव्यातूनपण जातो. इंजिनला भरपूर लागतो, तिथं तापतो आणि सोडतो. गार झाला की परत धरतो. आणि मी दर रविवारी खटखट करत बसायचो, त्याने वरचं खरवडलं जायचं, आठवडाभर बरं.

पण खाऱ्या हवेने असतं तर सगळे जोड हिरवे झाले असते. इतर सगळे स्वच्छ. फक्त हा. आणि फक्त रविवारी.

म्हणजे कुणीतरी पाणी घालतंय. मीठ घालून. काकांचा भाऊ? त्याला शेड लवकर पाहिजे.

काकांना काही बोललो नाही. घासून, पुसून परत बसवला.

रवि. ६

चर्चमधली मिस्सा सुटायच्या आधीच जाऊन बसलो, शेडमध्ये, पिंपाच्या मागं. हातात मोठा पाना. भाऊ आला तर काय करणार होतो कुणास ठाऊक.

दार किरकिरलं. बाय.

चर्चचं लुगडं, हातात औषधाची छोटी बाटली. कपाळावर-छातीवर क्रूस केला. अंगठा ओला करून पंख्यावर क्रूस काढला, मग चाकावर, मग शेपटीवर. स्टूल ओढलं, वर चढली, आत वाकली. आणि बाटली वाकडी केली. बरोब्बर स्विचवर. ओठ हलत होते.

मी उभा राहिलो. ती दचकलीसुद्धा नाही.

"तू होय," म्हणाली.

"बाय, हे कसलं पाणी?"

"पवित्र पाणी. फादरकडून मीठ घालून घेते, जुन्या रीतीचं. ते नवं बिनमिठाचं मला नाय पटत."

"दर रविवारी घालता?"

"मशीनने पहिल्यांदा आवाज केला तेव्हापासून."

"पण तिथंच का?"

"तुझा काकाच म्हणाला ना, हा दाबला का जीव येतो म्हणून. मग जिथून जीव येतो तिथंच घालायचं."

मी सांगितलं. मीठ पितळ खातं, म्हणून इं. बंद पडतं. मला वाटलं रडेल. तिने मान हलवली, जसं काही मी तिला वार विचारला.

"मी तेच तर मागते," म्हणाली. "रविवारी मागते, रविवारी बंद पडतं. देव माझं ऐकतो."

"अहो बाय, देव नाही, मीठ!"

"त्याने मीठ वापरलं. त्याचंच हाय ते."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "बाय, काका जाणार आहेत. बंद पडो नाहीतर चालू राहो, तेराला जाणार. मला तसं बोललेत. इथं बंद पडलं तर खाली शेडची जमीन. तिथं बंद पडलं तर खाली समुद्र."

स्टुलावरच बसली. हातातली बाटली बघत.

"मला नाय बोलला तसं. मला म्हणाला, सगळं ठीक झालं तरच."

बाहेर आळीतली माणसं मिस्साहून परत येत होती, हसण्याचे आवाज. काका त्यांच्यात होते.

"मग तूच मोड ना ते," हळूच म्हणाली. "तुला येतं. एक वायर तोडायची, त्याला नाय सापडणार. माझ्यासाठी तोड, दत्तू."

काका आत आले. "अरे! आज तू लवकर?" बायने बाटली पदराखाली घेतली आणि गेली.

सोम. ७

काही सुचत नाही. गॅरेजमध्ये फ्यूज जाळला, मग दुसरा जाळला.

तोडलं तर? काका दुसरा माणूस आणतील, बोललेच आहेत. त्याला मिठाचं ठाऊक नसेल. किंवा नाही आणणार. शेड पडेल, मशीन मोडेल, काका ओट्यावर बसतील, आणि दर वेळी मी दिसलो की म्हणतील, तुला नाही सापडलं ना रे. आयुष्यात एक काम पुरतं सापडलंय मला आणि तेच कुणाला सांगता येत नाही.

नाही तोडलं तर बायला तोंड कसं दाखवू.

अंकलेश्वर. आजच बसलो तर? पण ड्रायव्हर कधीच गेला.

मंगळ. ८

संध्याकाळी काका आणि मी पंखांचे बोल्ट तपासत होतो. मधेच म्हणाले, "बाय रविवारी इथं येते. मला ठाऊक आहे."

माझा पाना निसटला.

"वास येतो मला, चर्चच्या मेणबत्तीचा. क्रूसाचे डागपण दिसतात कापडावर." हसले. "हे बांधायला घेतलं तेव्हापासून या मशीनशी एक शब्द बोलली नव्हती ती. दाराला पाय लावत नव्हती. आणि आता बघ, आशीर्वाद देऊन जाते. मला वाटलं होतं तिचा राग घेऊन जावं लागेल. आता नाही. केवढं ओझं उतरलं तुला काय सांगू."

मी खाली वाकून पाना शोधत राहिलो. पाना समोरच होता.

गुरु. १०

नवीन स्विच आणला होता, ट्रॅक्टरचा, दणकट. काका म्हणाले, "नाही. तो पितळीच राहू दे." मी म्हटलं, आतून खाल्लेला आहे. "कशाने?" मी म्हटलं, खारी हवा. "मग घासून घे. त्याच्याशिवाय मला ते विमान वाटणारच नाही."

पॉलिश पेपर, पेट्रोल, फडकं. हिरवं गेलं. खाली खड्डे. पितळ देवीच्या वणांसारखं झालंय. धरतो अजून. किती दिवस, ते नाही सांगता येत.

मागं वळलो तर बाय. हातात मेणबत्तीचा तुकडा, वेदीवरचा.

"तोडलंस?"

"नाही बाय. मी तोडलं तर ते दुसऱ्याकडून जोडून घेतील. तो काय जोडेल, मला बघता येणार नाही."

तिने स्विचकडं बघितलं. मग तुकडा पुढं केला.

"याने बुजव. पाणी जाणार नाय मग. माझंपण नाय जाणार."

मेण वितळवून स्विचच्या कडांना चौफेर ओतलं. ती बघत होती, मी पोराची टाळू भरत असल्यासारखी. शेवटी तिनेच बोट फिरवून गुळगुळीत केलं. भाजलं असणार.

चालवून बघितलं. चाललं. चाललं म्हणून मला आनंद झाला नाही, हे पहिल्यांदाच.

शनि. १२

पंख उतरवले. एवढं लांब धूड नेणार कशात? सगळ्या भागात एकच ट्रक मोकळा. गनपतचा. मिठाचा!

मी ओरडलोच. गनपत म्हणतो, "धुतलाय रे! चार बादल्या पानी मारलं. गोडं पानी, विहिरीचं." फळ्यांच्या फटीत पांढरं दिसतच होतं. पोती अंथरली, वर ताडपत्री. काका पुढं बसले, नवऱ्यामुलासारखे. मी मागं मशीनला धरून. प्रत्येक खड्ड्याला स्विचकडं बघत होतो.

भुईगावला सुरूच्या झाडांत ठेवलंय. रात्री गनपत राखणीला थांबणार. मीपण.

रवि. १३

उजाडतंय. पाणी अजून उतरतंय. काका म्हणतात अजून थोडं. पंख जोडले, बोल्ट तपासले, तपासले, परत तपासले. आता काही काम नाही म्हणून हे लिहितोय, सुरूच्या बुंध्याला टेकून.

बाय पहाटेची मिस्सा करून आली. चालत. काकांनी टोपी घातलीय, हँगरची. दोघं मशीनजवळ उभे. काका तिला पंख दाखवतायत, शेपटी दाखवतायत, जसं काही ती पहिल्यांदा बघतेय. ती मान हलवतेय.

मघाशी ते पाण्याची रेघ बघायला खाली गेले तेव्हा मी स्विच बघायला गेलो. बाय तिथंच होती. बाटली हातात.

"आज साधं आणलंय," म्हणाली. "बिनमिठाचं. फादरला सांगून."

आणि गेली काकांच्या मागं.

मेणाला चीर पडलीय. केसाएवढी. कालच्या खड्ड्यांनी पडली की नखाने, सांगता येत नाही. चिरेवर ओलं आहे. बोट लावलं, चाटलं. खारट.

पुसलं. परत चाटलं. खारट.

पण इथं सगळंच खारट. रात्रभर समुद्राचा वारा अंगावर आहे. मिठाच्या ट्रकमध्ये बसून आलोय. माझे ओठ खारट, बोट खारट. दुसरं बोट चाटलं, तेपण खारट. आता याच्यावरून काय समजायचं?

बायला विचारू? हो म्हणाली तर? नाही म्हणाली तर मला पटेल का?

डायरेक्ट करावं का? स्विच काढून वायरीला वायर. मग बंद पडणार नाही. पण मग उतरताना काकांना बंदही करता येणार नाही, आपटलं तर पेटेल. ते उतरलेत एकदाच.

पकड खिशात आहे. कॉइलची वायर हाताच्या अंतरावर. एक कट. पंखा मलाच फिरवायचाय. मी फिरवत राहीन, इं. लागणार नाही, उन्हं वर येतील, पाणी परत येईल. एवढंच. कुणाला कळणार नाही. बायला कळेल.

पाणी बरंच खाली गेलं. वाळू चकाकतेय, पार लांबपर्यंत, सपाट. गनपत म्हणाला, "आयला, रस्ताच हाय हा."

काका बसले सीटवर. पट्टा बांधतायत. बायने वाकून त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. त्यांनी तिचा हात धरून ठेवलाय, सोडत नाहीत. ती माझ्याकडं बघतेय.

काका हाक मारतायत.

"दत्तू! मार हात!"